सत्तेचाळीस नंबरचा शिक्का आणि मी

मित्रांनो, मी एक जुने इंजिन बोलतो आहे. इंजिन म्हटल्यावर धूर, शिट्टी आणि रूळ डोळ्यांपुढे आणू नका. माझे काम अंतराळातले. यानाला जमिनीवरून उचलणे हे माझ्या थोरल्या भावांचे काम. यान वर पोहोचले, की त्याची वाट थोडी उंच करायची, थोडी वळवायची, आणि शेवटी त्याला घराकडे तोंड करायला लावायचे, हे माझे. आणि हो, मी सांगतो आहे ते सगळे लगेच खरे मानू नका. ज्यांनी मला घडवले, वापरले, जपले, त्यांच्यापैकी एकानेही माझा शब्द तपासल्याशिवाय घेतला नाही. मीही त्यांचा घेतला नाही. मी वाढलोच तशा घरात.

संशय माझ्या अंगातच बसवलेला आहे. माझ्यात दोन द्रव येतात. एक इंधन, दुसरा त्याला जाळणारा. दोघांची भेट झाली की भडका. काडी नको, ठिणगी नको. ही भेट माझ्या पोटात व्हावी, त्याच्या एक बोटही अलीकडे होऊ नये. म्हणून माझ्या प्रत्येक नळीवर झडपा आहेत दोन. एक पुरली असती. पण पहिलीवर विश्वास नाही म्हणून दुसरी, आणि दोघींवर विश्वास नाही म्हणून त्या खरोखर मिटल्या का हे वर कळवणारी एक तार. ज्याच्या घशातच असा पहारा, त्याचा स्वभाव मोकळाढाकळा कसा असेल?

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाला. इतरांच्या बाळांना जन्मल्यावर मध चाटवतात. मला क्ष-किरणांखाली झोपवले. माझी घंटेसारखी पसरट बाजू नायोबियम नावाच्या धातूची. ती लाल होईपर्यंत तापली तरी वितळत नाही. तिच्यावर एक राखाडी लेप दिला आणि तो लेप देणाऱ्या माणसावर नजर ठेवायला दुसरा माणूस उभा केला. त्या दुसऱ्या माणसाने सही केली. मग तिसरा आला आणि सही खरी आहे का ते त्याने पाहिले.

माझ्याबरोबर माझी वहीही जन्मली. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या अंगाला कोणी स्क्रू जरी लावला तरी त्या वहीत एक ओळ लिहायची आणि ओळीखाली दोन शिक्के मारायचे: एक काम करणाऱ्याचा, एक ते डोळ्यांनी पाहणाऱ्याचा. शिक्क्यावर नाव नसते, नंबर असतो. ज्याचा नंबर, त्याचा शब्द. माणूस बदलून गेला, म्हातारा झाला, तरी त्याचा नंबर माझ्या वहीतून हलत नाही.

मी अकरा वेळा वर गेलो. पंख असलेल्या एका यानाच्या शेपटीशी मी आणि माझा जुळा भाऊ, असे आम्ही दोघे होतो. तो उजवा, मी डावा. थोरले भाऊ आठ मिनिटे गर्जत, जमिनीवरची माणसे टाळ्या पिटत, टोप्या उडवत. मग थोरले गप्प होत आणि आमची पाळी येई. तोवर लोक गाड्या काढून घरी निघालेले असत. आमचे काम कोणी पाहिलेच नाही. पण एक गोष्ट सांगतो. परतीच्या दिवशी, मी पेटण्याच्या आधी, आतली सात माणसे बोलायची थांबत. इतका वेळ थट्टा करणारीसुद्धा. मी पेटलो नाही तर ती घरी जाणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. ती शांतता हेच माझे कौतुक, असे मी मानत आलो.

एकदा मात्र एक कप्तान खास आम्हाला भेटायला आले. त्यांनी टोपी काढली, "थँक यू, दोस्ता," म्हणाले आणि प्रेमाने थाप मारली. उजव्याला. त्या फेरीत उजवा बंद ठेवला होता. सगळे काम मी एकट्याने केले होते. तेव्हापासून कौतुक माझ्या दिशेने येताना दिसले की ते नक्की कुठल्या इंजिनाकडे चालले आहे, ते मी आधी पाहतो.

दर दोन-तीन फेऱ्यांनंतर मला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, लास क्रूसेसजवळच्या एका तपासणीच्या शेडमध्ये पाठवत. तिथे मला पहिल्यांदा हात लावला तो एलॉय आर्मिहो याने. तेव्हा तो तिशीचा होता. मला धुताना, उघडताना, नवे सील, म्हणजे गळती रोखणारी कडी, बसवताना तो तोंडाने एक अक्षर बोलत नसे. त्याच्या शिक्क्याचा नंबर सत्तेचाळीस. बुटाची नाडी ओवून तो शिक्का त्याने गळ्यात घातलेला असे, शर्टाच्या आत, संताच्या मेडलाच्या शेजारी. माझ्या वहीत सत्तेचाळीस हा आकडा जितक्या वेळा आहे तितक्या वेळा दुसरा कुठलाच नाही.

पण त्याची एक खोड मला खटके. काम झाले, शिक्का मारला, पाहणाराही निघून गेला, की हा परत येई. इकडेतिकडे बघे. माझ्या झडपेवर हात ठेवी आणि काहीतरी पुटपुटे. मग फडक्याने पुसून निघून जाई. मला वाटे, हा काहीतरी विसरला असावा आणि ते आता लपवतो आहे. ज्याचे काम चोख, त्याला परत यायचे कारण काय?

पुढे पंखांची याने बंद झाली. मला एका पेटीत घातले, आत कोरडा नायट्रोजन भरला, ओल शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी ठेवली आणि झाकण लावले. नऊ वर्षे! वहीत एकेका वर्षाला एकच ओळ: "पेटी तपासली. ठीक." पेटी उघडून मात्र कोणी पाहिले नाही, बाहेरूनच ठीक. आठव्या वर्षी कोणीतरी टेप घेऊन आले आणि माझी लांबी-रुंदी मोजून म्हणाले, "स्वागतकक्षात मस्त दिसेल. शेजारी एक कुंडी ठेवू." कुंडीशेजारी उभे राहायचे आणि लोकांनी मला पिंप समजून त्यात कागदाचे कप टाकायचे, असा शेवट मला दिसू लागला.

तो टळला, कारण चंद्राला वळसा घालणारे एक नवे यान बांधायला घेतले होते आणि त्याला माझ्यासारखेच इंजिन हवे होते. नवे घडवायला वेळ नव्हता. मला पुन्हा वाळवंटात आणले. पेटीचे झाकण निघाले तेव्हा वर एक टक्कल चमकले. एलॉयच होता तो. मिशी पिकलेली, चष्मा दोरीला बांधलेला.

"तू अजून आहेस होय?" तो मला म्हणाला. चौतीस वर्षांत त्याने माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण माझ्या आयुष्यात खरा पेच पडला तो अंतराळात नाही, या शेडमध्ये.

एलॉयने माझ्या इंधनाच्या झडपेचे सील बदलले. त्याच्या नोकरीतले ते शेवटचे मोठे काम होते. काम पाहून दुसरा शिक्का मारला तो लॉरीन टाफोयाने. ही लॉरीन म्हणजे एलॉयची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातात धरले होते, म्हणून ती त्याला "पाद्रीनो", म्हणजे धर्मपिता, म्हणते आणि तो तिला "मिहा", म्हणजे पोरी, म्हणतो. तिला हे काम शिकवले त्यानेच. पहिल्या दिवशी त्याने तिला काय सांगितले, ते मी ऐकले होते.

"कुणावर विश्वास ठेवायचा नाही, मिहा. माझ्यावर तर मुळीच नाही."

पोरीने ते मनावर घेतले. शेडमध्ये तिच्याइतकी संशयी बाई दुसरी नाही. डब्यातला बुरीटो, म्हणजे सारण भरलेली पोळीची गुंडाळी, खाण्याआधीसुद्धा ती टोक उघडून आत पाहते, लाल मिरची आहे की हिरवी.

त्या शेडमध्ये निवृत्तीची एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याचा शिक्का निष्कलंक असेल, तर तो दाराशेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगतात आणि तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. पण एखादे काम फसल्यामुळे शिक्का काढून घेतलेला असेल, तर तो ग्राइंडरवर धरून घासून टाकतात. नंबर नाहीसा होतो. एलॉयची निवृत्ती गुरुवारी होती. भिंतीवर त्याच्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता, हे तो रोज येताजाता बघायचा आणि बघितले नाही असे दाखवायचा.

त्या आठवड्यात मला शेडचा वास संशयास्पद येऊ लागला. एलॉय आत आला की बोलणारे गप्प होत. प्रिस्का लुसेरो, म्हणजे भांडार सांभाळणारी बाई, हातात एक मोठा दुमडलेला कागद घेऊन एकेकाला कोपऱ्यात गाठे. जो तो खांद्यावरून मागे बघत त्यावर सही करे. "त्याला कळता कामा नये," असे ती प्रत्येकाला बजावत होती. एलॉयनेही एकदा तो कागद ओझरता पाहिला. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा न उघडताच परत नेला. त्याला वाटले तेच मलाही वाटले: तक्रार-अर्ज. म्हाताऱ्याचे हात चालत नाहीत, असे काहीतरी.

आणि सोमवारी सकाळी सहाला, शेडमध्ये कोणी नसताना, प्रिस्का माझ्या खोलीत आली. तिने हेलियमच्या सिलिंडरची ढकलगाडी बाहेर नेली. शेजारच्या भांडाराचे दार लागले. तासाभराने गाडी परत आली. सिलिंडर जागेवर ठेवताना तिने त्याचे मीटर मुद्दाम भिंतीकडे फिरवून ठेवले. मी म्हटले, झाले! माझ्याविरुद्ध काहीतरी शिजते आहे. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

त्याच सोमवारी नऊला माझी गळती-तपासणी होती. ती अशी करतात. मला आतून धुऊन-पुसून रिकामे केलेले असते. मग माझ्यात दाबाने हेलियम भरतात. हेलियम इतका बारीक, की केसाएवढ्या फटीतूनही बाहेर डोकावतो. बाहेर तो हुंगायला एक यंत्र असते. त्याला तिथे सगळे 'कुत्रं' म्हणतात. त्याची नळी, म्हणजे नाक, सांध्यापाशी धरायची. काटा तांबड्या रेघेपुढे गेला की कुत्रं केकाटते.

"पाद्रीनो, तुम्ही लांब उभे राहा," लॉरीन म्हणाली. "तुमचा शिक्का आहे. जवळ यायचं नाही."

"अगं, हा नियम तुला शिकवला कुणी?"

"तुम्हीच. म्हणून तर पाळतेय."

एलॉय भिंतीला टेकून उभा राहिला. लॉरीनने नाक थेट त्याच्या सीलपाशी नेले आणि मगच कुत्रं चालू केले.

कुत्रं केकाटले.

ती दचकली. तिने यंत्र बंद केले, नाक पुसले, पुन्हा लावून चालू केले. पुन्हा केकाटले. तिसऱ्यांदाही. नियम साफ होता: काटा रेघेपुढे गेला की तपासणी थांबवायची, दाब काढायचा, लाल चिठ्ठी बांधायची. पुढचे सांधे बघायचेच नाहीत. आणि मी? मी घामाघूम झालो असतो, घाम असता तर. कारण मित्रांनो, स्वतःची गळती स्वतःला कळत नाही. मी गळत होतो की नव्हतो, हे मलाही माहीत नव्हते.

आवाज ऐकून शेडचा प्रमुख वेंडेल क्राउच आला. हा बाहेरगावचा, सहा वर्षे इथे राहूनही मिरची बाजूला काढून खाणारा, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचाच थोडा संशय.

"कुणाचा शिक्का?" त्याने विचारले.

लॉरीनने वही उघडली. ती न बघताही सांगू शकली असती. "सत्तेचाळीस."

"मी म्हटलं होतं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला सील बसवायला देऊ नका. हात थरथरतात."

"माझे हात तुझी कॉफी बघून थरथरतात, वेंडेल," एलॉय म्हणाला. "सील बघून नाही."

"यात विनोद काय आहे? नियम तुला माहीत आहे. शिक्का जमा. नवीन प्रशिक्षण झालं की परत."

"सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. मला राहिलेत चार दिवस."

"म्हणजे..." वेंडेलने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिले आणि वाक्य सोडून दिले.

"म्हणजे ग्राइंडर," एलॉय म्हणाला. त्याने गळ्यातली नाडी काढली. मेडल त्यात अडकले, ते त्याने सोडवले. शिक्का टेबलावर ठेवला. मग लॉरीनकडे वळून तो अशा आवाजात बोलला, की माझ्या घंटेत ते घुमले. "झालं समाधान? आणखी कुठे गळतंय का बघायचंय? ये, माझ्या टकलाला लाव. तिथूनही गळत असेल!"

"पाद्रीनो, असं बोलू नका."

"का? चौतीस वर्षं खोटं काम केलं असेल मी. लाव ना, लाव!"

"लावू? खरंच लावू?" लॉरीनच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण हात तिचाच होता, ऐकून मानणारा नव्हे, तपासणारा. तिने रागाने नाक उचलले, त्याच्या टकलापाशी धरले आणि बटण दाबले.

कुत्रं केकाटले.

लॉरीनने हळूच नाक वेंडेलच्या टायपाशी नेले. केकाटले. रिकाम्या खुर्चीपाशी नेले. केकाटले.

"वेंडेल," एलॉय म्हणाला, "तुझंही सील बदलायला झालंय."

"यंत्र बिघडलंय," वेंडेल म्हणाला.

"नाही." लॉरीनचा आवाज बदलला होता. "कुत्र्याला आज सकाळीच त्याच्या खोलीत तपासलंय. ते खरं बोलतंय. खोलीतच हेलियम आहे." तिने वही उलटली आणि कपाळाला हात लावला. "खोलीचा वास मी शुक्रवारी घेतला होता. नियमात तो तीन दिवस चालतो. मी आज पुन्हा घेतलाच नाही. सरळ तुमच्या सीलपाशी गेले."

"का गेलीस?"

"कारण वेंडेल आठवडाभर म्हणत होता, की गळलं तर तिथंच गळेल."

मित्रांनो, ही त्या माणसांची चूक. सगळ्यांना सगळ्याचा संशय घ्यायची सवय, पण त्या दिवशी संशय आधी ठरलेल्या जागी जाऊन बसला होता. दुसरी जागा कोणी हुंगलीच नाही.

आता लॉरीनने नाक समोर धरले आणि कुत्र्यामागून चालावे तशी ती चालू लागली. काटा चढत गेला. ती भांडाराच्या दाराशी पोहोचली. दाराला पाठ लावून प्रिस्का उभी होती.

"इथं काही नाही," प्रिस्का म्हणाली.

"बाजूला हो."

"चावी हरवलीय."

"मग गळ्यात काय आहे, क्रूस?"

प्रिस्काने एलॉयकडे पाहिले, वेंडेलकडे पाहिले, सुस्कारा टाकला आणि दार उघडले.

आत छताला टेकलेले फुगे होते. चौतीस. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक, आणि प्रत्येकावर जाड पेनने वर्ष लिहिलेले. खाली टेबलावर बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा, आणि तो दुमडलेला कागद उलगडून ठेवलेला. त्यावर सगळ्या शेडच्या सह्या, मधोमध मोठ्या अक्षरांत: 'सत्तेचाळीस, आता तरी घरी जा.' फुग्यांतला हेलियम रबरातून झिरपत होता, आणि भांडाराची आणि माझ्या खोलीची हवा छताजवळच्या एकाच नळीतून फिरते.

"गुरुवारी केलं असतं तर तुला आधीच कळलं असतं," प्रिस्का म्हणाली. "म्हणून आज दुपारी गाठणार होतो. फुगेच आहेत रे, बॉम्ब नाहीत! असे काय बघताय?"

"हेलियम कुठला?" एलॉयने विचारले.

"तुमच्याच सिलिंडरमधला. थोडासा."

"चौतीस फुगे म्हणजे थोडासा?" वेंडेल ओरडला.

"तुझ्या निवृत्तीला सहाच भरू," प्रिस्का म्हणाली. "खर्च वाचेल."

पहिल्यांदा हसला तो एलॉय. मग सगळेच. वेंडेलचा चेहरा लाल चिठ्ठीसारखा झाला होता. मला बांधायला आणलेली चिठ्ठी त्याने चुरगळून खिशात घातली. "चला, मिटलं. एलॉय, शिक्का उचल."

एलॉयने शिक्का उचलला नाही.

"मिटलं कसं?" तो म्हणाला. "खोलीला वास येत होता, एवढंच कळलं. माझं सील गळतंय की नाही, ते अजून कुणाला माहीत आहे? तुला? हिला?" त्याने माझ्याकडे बोट केले. "ह्याला तरी?"

मला नव्हते.

"फुगे सापडले म्हणून सील चांगलं ठरत नाही. हवा साफ करा, आणि पुन्हा लावा नाक. शिक्का तोवर लॉरीनकडे."

"खोली साफ व्हायला दोन दिवस जातील, पाद्रीनो. बुधवार येईल. आणि बुधवारी खरंच गळलं तर?"

"तर गुरुवारी ग्राइंडर तूच चालव. दुसऱ्याला देऊ नकोस, हात वाकडा धरतात."

फुगे त्यांनी बाहेर नेऊन एलॉयच्या ट्रकला बांधले. मेजवानी अंगणात झाली, उन्हात, फॉइलमधले बुरीटो आणि बिस्किटे. दारातून मला दिसत होते. एलॉय हसत होता, खात होता. पण हात सारखा छातीकडे जात होता, जिथे नाडी नव्हती तिथे.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. मी अकरा वेळा वर गेलो, पण असा अडकलो नव्हतो. म्हाताऱ्यावर मी चौतीस वर्षे संशय घेतला होता. आता त्याचा नंबर माझ्या पोटात होता, आणि त्या सीलने धरून ठेवावे, याशिवाय मला काही नको होते. चंद्रही नको.

बुधवारी सकाळी लॉरीनने आधी खोलीचा वास घेतला. मग दाराचा, छताचा, प्रिस्काचा. प्रिस्काने शपथेवर सांगितले, की तिने आज फक्त कॉफी घेतली आहे. मग माझ्यात हेलियम भरला. लॉरीनने नाक सगळ्यात आधी सीलपाशी नेले नाही. ती लांबच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेक जागा तपासत आली. काटा निजलेला. दुसरी झडप. काटा निजलेला. आणि सगळ्यात शेवटी सत्तेचाळीसचे सील.

ती सावकाश मोजत थांबली. एलॉय भिंतीकडे तोंड करून उभा होता.

कुत्रं गप्प.

लॉरीनने नाक फिरवून पुन्हा धरले. गप्प. तिसऱ्यांदा. गप्प. मग ती चालत भिंतीपाशी गेली आणि तिने त्याच्या टकलाला नाक लावले.

"गळत नाही," ती म्हणाली, आणि रडू लागली.

"मिहा, वहीत लिही आधी," तो म्हणाला. "रडणं नंतर. शाई पसरते."

तिने लिहिले. खाली स्वतःचा शिक्का मारला आणि त्याचा त्याच्या हातात परत दिला. सील बसवणाऱ्याचा शिक्का म्हणून शेजारी त्याने तो मारला. माझ्या वहीतला तो शेवटचा सत्तेचाळीस.

सगळे गेल्यावर तो परत आला. नेहमीसारखा. पण या वेळी लॉरीन दारात थांबली होती, म्हणून की काय, तो पुटपुटला नाही, मोठ्याने बोलला. झडपेवर बोट ठेवत ठेवत: "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ." झडपेचे बोल्ट. आठ. चौतीस वर्षे तो तेवढेच करत होता. शिक्का मारून झाल्यावर, कोणी बघत नसताना, वहीत ओळ न लिहिता, स्वतःवरच संशय घेऊन आणखी एकदा मोजत होता. आणि मी त्याला चोर समजत होतो.

गुरुवारी तो शिक्का खिळ्याला टांगला गेला. टाळ्या वाजल्या. कुठल्या दिशेने जात आहेत ते मी पाहिले. बरोबर माणसाकडे जात होत्या.

मित्रांनो, आज मी फ्लोरिडात, चंद्राच्या यानाखाली बसवलेला आहे. सगळे माझ्याशी फार गोड बोलतात, म्हणून मी वही नीट पाहिली. वर जाण्याची पाने आहेत, वळण्याची आहेत, परतीच्या ज्वलनाचे पान आहे. परतल्यानंतरच्या तपासणीचे पान मात्र लावलेलेच नाही. मी ज्यात आहे तो यानाचा भाग वाटेत सोडून देतात आणि तो हवेत जळून जातो. मला कोणी सांगितले नाही, मीच वाचले. माणसे परत येतील, मी येणार नाही. माझे काम तेवढेच होते, त्यामुळे तक्रार नाही.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. वस्तू जपा म्हणजे त्यांच्यावरची धूळ पुसा, एवढेच नाही. त्यांच्यावर संशय घ्या, त्या उघडून पाहा. नऊ वर्षे पेटीच्या बाहेरूनच 'ठीक' लिहू नका. पण संशय घ्याल तो आधी खोलीच्या हवेवर घ्या, मग यंत्रावर, मग स्वतःच्या हातावर. समोरच्या माणसावर सगळ्यात शेवटी, आणि तोसुद्धा मोजून.

बाहेर उलटी मोजणी चालू झाली आहे. आतली माणसे बोलायची थांबली आहेत. माझ्याजवळ थोडा वेळ आहे, तेवढ्यात मीही माझे मोजून घेतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात...

आठ. जागेवर आहेत.